लाल रंग कोळशाला का जुमानत नाही

टेबलावरच्या दोन बाटल्या मागच्या रांगेतून दिसतायत ना? एकीत मिथिलीन ब्लू हा निळा रंग होता, दुसरीत सुती कापडाचा लाल रिॲक्टिव्ह डाय, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध करणारा रंग. दोन्हींत करवंटीचा तोच ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे सांडपाण्यातला रंग काढायला वापरतात तो बारीक भोकांचा कोळसा, सारखाच तोलून टाकला, तासभर हलवला, गाळला. निळी पाण्यासारखी नितळ झाली आणि लाल अजून लालच आहे, जरा फिकी झाली इतकंच.

करवंटी, भुसा, तूस काहीही घ्या, हवा जवळपास बंद ठेवून भाजलं की कोळसा होतो, मग ८००-९०० अंशांना त्यावर वाफ सोडली की ती कोळसा आतून कुरतडते आणि भोकं पडतात, किंवा आधीच फॉस्फरिक ॲसिडमध्ये भिजवून ठेवलं तर ४००-६०० अंशांतही काम होतं. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये १००० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो, म्हणजे चिमटीत दहा गुंठे! रंग या पृष्ठभागाला चिकटतो. हे शोषण नाही, अधिशोषण आहे, काचेवर धूळ बसते तसं.

पण करवंटीच्या कार्बनमधली बहुतेक भोकं २ नॅनोमीटरपेक्षा बारीक असतात. मिथिलीन ब्लूचा रेणू छोटा आणि चपटा, तो आत सरकतो, हा लाल रेणू मोठा, तो दारातच अडतो. शिवाय निळा धनभारित आणि लाल ऋणभारित, आणि आपल्या या कार्बनचा पृष्ठभाग साध्या पाण्यात ऋण असतो, मग लालला तो ढकलणारच ना. ॲसिड घालून पाण्याचा पीएच २-३ वर आणला की पृष्ठभाग धन होतो आणि लाल धरायला लागतो, पण रिॲक्टिव्ह डाईंगमध्ये सोडा आणि भरपूर मीठ लागतं, त्यामुळे ते पाणी निघतानाच चांगलं अल्कली असतं, मग त्यात ॲसिड ओतायचं तरी किती आणि नंतर ते परत न्यूट्रल करायला काय काय घालायचं? म्हणून नुसत्या मिथिलीन ब्लूवर टेस्ट करून ९९ टक्के रंग गेला असं लिहिलेलं मला मनापासून खटकतं, कारण सांडपाण्यात रंगासोबत मीठ असतं, साबण असतो, कापडाची खळ असते आणि यातलं बरंच काही त्याच जागांसाठी भांडतं. टेस्ट करायची तर डाईंगच्या खऱ्या पाण्यावर करा, रंगासोबत सीओडीही, म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागतो तेही, मोजा आणि मोठी भोकं असलेला कार्बन शोधा, रिॲक्टिव्ह डायसाठी खरी गरज त्याची आहे.

आता हा फिल्टर पेपर बघा. काल याच लाल पाण्यात ॲसिड आणि कार्बन घालून रंग उतरवला, तो सगळा या काळ्या गाळात आहे. यावर पातळ कॉस्टिक सोड्याचे चार थेंब टाकतो... कडेनं लाल ओघळ आला, दिसला? रंग नष्ट झालेलाच नव्हता. हा गाळ उघड्यावर टाकला तर पावसातही रंग असाच सुटू शकतो, तेव्हा वापरलेल्या कार्बनचं काय करणार, परत तापवणार की नीट भट्टीत जाळणार, ते सांडपाण्याच्या प्लांटच्या ड्रॉइंगमध्येच असलं पाहिजे.