शहर पायाखाली असतं

कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘कॅमेऱ्यातून चार खंड’, आणि पडद्यावर मघापासून नुसती फरशी दिसतेय. मागच्या रांगेतली कुजबुज पोचली माझ्यापर्यंत. प्रोजेक्टर ठणठणीत आहे. मी फरशीचेच फोटो काढतो.

सहलीतल्या मंडळींचा यावर भारी राग. पोर्तुगालमध्ये, लिस्बनला रॉसिओ चौकात आम्हाला जेमतेम पाव तास दिलेला. बसमधून उतरा, खांबावरच्या चौथ्या पेद्रो राजापुढे उभे राहा, ‘अहो, जरा डावीकडे सरका’ ऐका, की चला कॉफीला. आता तो खांब एवढा उंच, की फोटोत एक तर काकू येतात, नाहीतर राजा. दोघं एकदम यायचे तर फोटोवाल्यानं आडवंच पडायला हवं. मी पडलो, पण फरशीसाठी. काकू घाबरल्या. म्हणाल्या, ‘यांना चक्कर आली वाटतं, कुणीतरी साखर द्या!’ (हशा) हसा, पण त्या साखरेच्या नादात माझं ऊन गेलं.

ऊन का महत्त्वाचं? १८४९च्या सुमारास या चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा बसवल्या. उभ्यानं पाहिलं तर नक्षी. कॅमेरा गुडघ्याखाली नेला आणि उन्हं कलती असली, की जमीन फुगते, खचते. इंग्रज पाहुण्यांनी या चौकाला डुलणारा चौक असंच नाव ठेवलं होतं. पाऊस पडून गेला असेल तर फोटो आणखी झकास येतो. घसरायलाही तितकंच झकास होतं, बेतानं चाला.

हा फोटो बघा. कारागीर बुटक्या स्टुलावर बसलाय. दगड डाव्या तळहातावर, उजव्या हातात हातोडी. टवका उडवायचा, साच्याच्या कडेला लावून बघायचा, वाळूत बसवायचा. शेवटी फटीत बारीक भुकटी, पाणी, वरून धुम्मस. लिस्बन महापालिकेनं या कामाची शाळाच काढलीय, १९८६ साली. आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक दरवर्षी एक खातं बसवतं आणि दुसरं उखडतं. शाळा कुणाला लागते तिथे! परवाच मी त्यांना अर्ज...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग मुद्द्याचंच बोलतो.

याच लाटा रिओत कोपाकबानाच्या किनाऱ्यावर आहेत, आणि मकावच्या सेनाडो चौकातही. तिन्ही फोटो शेजारी ठेवले की पाहणारा लगेच म्हणतो, पोर्तुगीज गेले तिथे फरशी टाकत गेले, गुलामीची खूण. मला हे पटत नाही. तारखा बघा. ब्राझील स्वतंत्र झाला १८२२ला. ते जाहीर करणारा पेद्रो म्हणजे आपला मघाचा खांबावरचा राजाच. रिओनं ही फरशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली, राज्य जाऊन ऐंशीएक वर्षांनी, हौसेनं. १९७०च्या सुमारास रस्ता रुंद झाला तेव्हा बागा आखणारे ब्राझीलचे बुर्ले मार्क्स यांनी बाकीच्या पदपथांवर नवी नक्षी रेखली, पण किनाऱ्याकडच्या लाटा ठेवल्या. आता त्या रिओच्याच झाल्यात, पिशव्यांवर छापतात.

मकावचं त्याहून मजेशीर. तिथली फरशी १९९०च्या दशकातली! १९९९ला गाव पोर्तुगीजांकडून चीनकडे जाणार हे ठरून गेलेलं, आणि निघता निघता पोर्तुगीज लाटा बसवतायत. म्हणजे आज तिथला जुना भासणारा फोटो माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेएवढाच जुना. तेव्हा फरशीवरून शहराचं वय काढू नका. आपण कसं दिसावं असं त्या शहराला वाटत होतं, ते मात्र कळतं.

गोव्याचं विचारणार आहात, दिसतंय चेहऱ्यावर. पणजीला वेगळा तास लागेल, अध्यक्ष महाराज, पुढच्या वर्षी बोलवा. मोझांबिकमधल्या मापुटोचे फोटो राहिलेच. आफ्रिका खंड आता चहाबरोबर, लॅपटॉपवर.