नमुन्याच्या कापडाची उलटी बाजू

नमस्कार मंडळी. माझ्या हातातलं हे कापड हातभर लांब आणि वीतभर रुंद आहे. वडील लालबागजवळच्या एका गिरणीत होते. तिथून घरी जे कटपीस यायचे त्यातला हा एक. सातवीच्या सुट्टीत आईनं तो धुतला, खळ काढली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "यावर रोज एक ओळ घाल. फूल नको, पान नको, नुसती टाक्यांची ओळ." सॅम्पलर हा शब्द मला फार पुढे कळला. आमच्याकडे याला नमुन्याचं कापड म्हणत.

शाळेतही टाके शिकवत होते. चौकोनी तुकड्यावर एक टाका घालायचा, खाली त्याचं नाव लिहायचं आणि तुकडा डिंकानं वहीत चिकटवायचा. मला गुण चांगले मिळाले, पण टाके हातात राहिले नाहीत. त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. तुकडा चिकटवला की त्याची मागची बाजू कायमची बंद व्हायची. आणि सुई कुठून कुठे गेली, ते सगळं मागेच तर लिहिलेलं असतं! मागची बाजू नीटनेटकी हवी, गाठी दिसू नयेत, एवढंच आपल्याला सांगतात. ती वाचायला मात्र कोणी शिकवत नाही.

धावदोऱ्यापासून बघू. गोधडी घातलेल्या प्रत्येकीला तो येतो. सुई खाली, सुई वर. पुढून जसा दिसतो तसाच मागून. आता ओळ संपली की कापड फिरवा आणि त्याच छिद्रांतून परत या, म्हणजे सुटलेल्या जागा भरतील. दोन्ही बाजूंना अखंड रेघ तयार होईल. कर्नाटकी कशिद्यातली, म्हणजे कसुतीतली गवंती ती हीच. इरकल साडीच्या पदरावरची गोपुरं आणि पालख्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे छापा मारत नाहीत, कापडाचे धागे मोजत काम चालतं आणि सुरुवातीला गाठही मारत नाहीत. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्हीकडून सारखे दिसतात. कसुतीतले बाकीचे दोन म्हणजे नेगी आणि मेंथी. नेगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे आपली फुली.

आता उलटी टीप घाला, म्हणजे दर टाक्याला सुई एक पाऊल मागे नेत अखंड रेघ काढा, आणि कापड पालथं करा. मागे काय दिसतं? दोरीच्या पिळासारखा देठाचा टाका. मग देठाचा टाका घालून पालथा करा, मागे उलटी टीप! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कापड घेऊन आईकडे धावत गेले होते. हे दोन टाके वेगळे पाठ करायचे नसतातच. एकाच चालीची ही दोन तोंडं आहेत. वहीत दोन पानांवर दोन तुकडे चिकटवले की ते नातं दिसायची सोयच उरत नाही. एका कापडावर एकाखाली एक घातले की ते दिसतं.

हेरिंगबोनमध्ये, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या टाक्यांच्या ओळीत, तर याहून मोठा खजिना आहे. आपल्यातल्या काही जणी त्याला मच्छीकाटा म्हणतात. टाके एकमेकांना चिकटून घाला आणि उलटं करा, मागे टिपेच्या दोन समांतर ओळी मिळतील. आता हेच पातळ मलमलीवर करा आणि मागची बाजू पुढे आणा. पाकळीच्या कडेला टिपेची रेघ दिसते आणि मागच्या दोऱ्याची सावली पाकळीत भरते. लखनौच्या चिकनकारीतली बखिया अशीच होते. साड्यांवरचं शॅडो वर्क आपण महाग म्हणून सोडून देतो, त्याचा जीव एवढ्या एका उलट्या बाजूत आहे.

साखळीला मागे टिपेसारखी सरळ रेघ उमटते. ती नागमोडी झाली तर समजा, सुई आधीच्या छिद्रात न जाता त्याच्या शेजारी उतरते आहे. पुढून ही चूक लवकर कळत नाही.

साटीनला, म्हणजे जवळजवळ टाके घालून जागा भरायच्या भरीव टाक्याला, मागेही पुढच्याइतकाच दोरा लागतो, म्हणून लडी भराभर संपते. पंजाबच्या बायकांनी फुलकारीत यावर सुंदर उपाय काढला. खद्दरावर उलट्या बाजूनं धागे मोजत सुई चालवायची, म्हणजे लांब टाके पुढे पडतात आणि मागे ठिपक्याएवढं रेशीम जातं. खरं रेशीम जपून वापरायला हवं होतं, त्यातून ही रीत आली असावी असं मला वाटतं.

नमुन्याच्या कापडाचा उपयोग पूर्वीपासून आठवण ठेवायलाच होता. नमुन्यांची छापील पुस्तकं सगळ्यांच्या हाती नव्हती, तेव्हा पाहिलेली वेल विसरू नये म्हणून बायका ती कापडावर घालून ठेवत. तारीख घातलेलं सर्वांत जुनं इंग्लिश सॅम्पलर 1598 सालचं आहे. जेन बॉस्टॉकचं ते कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवलं आहे. त्यावर वेलपत्ती आहे, मुळाक्षरं आहेत आणि ॲलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंदही आहे. तेव्हा तुम्हीही कोपऱ्यात नाव आणि साल घाला.

सुरुवात कशी करायची ते सांगते. मोजून घालायच्या टाक्यांना मॅटी, म्हणजे धागे सहज मोजता येतील असं कापड घ्या, बाकीच्यांना घट्ट विणीचं पांढरं सुती कापड. लडीतल्या दोऱ्याचे सहा पदर असतात. ते एकेक करून सुटे करा आणि मग हवे तेवढे जोडा, म्हणजे गुंता होत नाही. प्रत्येक ओळ एकदा दोन पदरी घाला, एकदा सहा पदरी. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत पुरे. त्याहून लांब घेतला तर नेढ्यात घासून त्याला लव सुटते. गाठीच्या टाक्यात सुई खाली ओढताना दोरा डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरा आणि सुई त्याच छिद्रात नको, एक धागा सोडून उतरवा, नाहीतर गाठ मागे निघून जाते. लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून बघा. आणि मुंबईच्या पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नका. या इथे गंजाचा डाग आहे बघा, त्या सुट्टीनंतरच्या जुलैतला. तो अजून गेला नाही.

चुकलेली ओळ उसवू नका, एवढी माझी विनंती आहे. तिच्या खाली तोच टाका पुन्हा घाला. माझी काजटाक्याची ओळ इथे चार वेळा आहे. चौथीत टोकं एका रेषेत आली. पहिल्या तिन्ही उसवल्या असत्या, तर त्यांच्यात काय चुकत होतं ते आज तुम्हाला दाखवता आलं नसतं.

आता हे कापड पहिल्या रांगेपासून फिरवते. हातात आलं की आधी पालथं करा, टाका ओळखा आणि मगच सुलट बघा.