‘कंदिसा’नंतर काय?

[पुणे. मंगळवार पेठ, जुना बाजार. रविवार सकाळ. कॅमेरा जमिनीलगत.]

बुधवार आणि रविवार हे जुन्या बाजाराचे वार. पाने-पक्कड, पितळेची भांडी, बंद पडलेले मिक्सर, कुणाच्या तरी दिवाणखान्यातून उतरलेलं घड्याळ. आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यात तबकड्या. त्या उभ्या लावलेल्या असतील तर विकणाऱ्याला माल कळतो, घासाघीस फार चालायची नाही. आडव्या रचलेल्या असतील तर भाव पडेल, पण तळाच्या चारपाच उन्हानं वाकलेल्या निघतील.

घेण्याआधी तबकडी पाकिटातून काढायची आणि उन्हात तिरकी धरायची. चरे लगेच दिसतात. केसाएवढे बारीक असतील तर हरकत नाही. नखाला लागणारा चरा असेल तर ठेवून द्या. सुई तिथे अडकणार आणि तीच ओळ घोकत बसणार.

वरच्या थरात हिंदी सिनेमा, खाली भावगीतं, नाट्यसंगीत. आम्ही शोधतोय ते भारतीय रॉकचे दुर्लक्षित अल्बम. त्यांचा असा वेगळा गठ्ठा इथे नसतोच. मिळालंच तर ‘इंग्लिश’ म्हणून बाजूला काढलेल्या खोक्यात मिळतं.

[पडद्यावर: एका जुन्या तबकडीचं फिरतं लेबल.]

तबकड्यांच्या शौकिनांना विचारा, ते तुम्हाला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगतील. हे मुंबईचे वादक, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. 1982 साली त्यांनी रोलँड कंपनीची, त्या वेळी नवीनच निघालेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली आणि भूपाली, ललित, मेघमल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली, ती फारशी कुणी घेतली नाही. 2002 मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, 2010 मध्ये नव्यानं छापून निघाली. मग युरोपातले ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोतून पुढे ‘ॲसिड हाऊस’ म्हणून जे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत आलं, ते इथे आधीच वाजत होतं. चरणजित सिंग सत्तरी ओलांडल्यावर परदेशातल्या मंचांवर उभे राहिले. 2015 मध्ये ते गेले.

गोष्ट खरी आहे आणि सुरेखही आहे. पण तिच्यामुळे एक गैरसमज पसरतो. दुर्लक्षित अल्बम म्हणजे धुळीत गाडलेला, कुणा परदेशी माणसानं उकरून काढलेला, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात असे कितीतरी अल्बम आपल्याच फोनमध्ये आहेत, आणि ते वाजवणारी माणसं अजून पुण्यात येऊन वाजवतात.

[कोथरूड. एका सदनिकेतली खोली. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली जाते.]

या पेटीत कॅसेट आहेत. मालक बँकेतून निवृत्त झालेत, नाव सांगू नका म्हणाले. आपण त्यांना काका म्हणू. कॉलेजात असताना ते अलाहाबादहून टपालानं येणाऱ्या एका मासिकाची वाट बघायचे. रॉक स्ट्रीट जर्नल. 1993 मध्ये अमित सैगल यांनी ते सुरू केलं. त्याच मंडळींनी पुढे ‘ग्रेट इंडियन रॉक’ नावाचा महोत्सव भरवला आणि देशभरातल्या बँडची एकेक गाणी जमवून कॅसेट काढल्या. ज्या बँडला मुंबईतली एकही कंपनी दारात उभं करत नव्हती, त्यांचं गाणं अशा कॅसेटमधून कोथरूडमधल्या खोलीत पोचायचं. तेही अलाहाबादमार्गे!

[जवळून: कॅसेटच्या तोंडाशी असलेली पितळी पट्टी, तिच्यावर लोकरीच्या कापडाचा चिमुकला तुकडा.]

हा तुकडा बघा. फीत टेपरेकॉर्डरच्या हेडवर दाबून धरण्याचं काम याचं. डिंक सुकला की हा गळून पडतो आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. फीत ठणठणीत असते, तुकडा तेवढा पडलेला असतो. काका दुसऱ्या एका भजनाच्या कॅसेटमधला काढून इथे चिकटवतात. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते, तिचा उपाय मात्र त्यांच्याकडेही नाही.

आम्हाला त्या पेटीपेक्षा आवडली ती काकांची शोधण्याची पद्धत. ते गाणं ऐकतात आणि मग आतला घडीचा कागद उलगडतात. भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात लिहिलेलं असतं: बास कुणाचा, ध्वनिमुद्रण कुणाचं, आभार कुणाचे. आभारांची यादी ते सगळ्यात आधी वाचतात. कारण तिथे दुसऱ्या बँडची नावं असतात. पुढची खरेदी त्यावरून ठरते.

ॲपवर हा कागद नाही. ॲप सांगतं, हे आवडलं ना, मग याच्यासारखं हे घ्या. म्हणजे आवडलेल्याचीच पुनरावृत्ती. माणसाच्या मागे गेलं की वाट भलतीकडे वळते. मुंबईच्या झीरो या बँडची दणदणीत गाणी ऐकून त्यांचा गिटारवाला कोण म्हणून शोधावं, तर नाव निघतं वॉरन मेंडोन्सा. आणि त्याच माणसानं ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावानं 2007 पासून अल्बम काढलेत. आरडाओरडा नाही, शब्दही नाहीत, गिटार शांतपणे गाते. झीरोवरून इथे कुठलंही यंत्र तुम्हाला आणून सोडणार नाही.

अगदी पुण्यातलं उदाहरण घ्या. ‘अग्नी’ हा इथलाच बँड. त्यांचं ‘आहटें’ हे गाणं टीव्हीवरच्या एका रिॲलिटी शोमुळे कॉलेजच्या प्रत्येक कट्ट्यावर वाजलं, गिटार शिकणाऱ्या पोरांनी त्याचा पार भुगा केला. पण 2007 मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी ऐकलाय, असं विचारलं की हात खाली. ईझी वाँडरलिंग्ज या बँडचा 2017 चा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ पुण्यातच जन्मला. पुण्याबाहेरच्यांनी त्याचं नाव आम्हाला सांगावं, ही गंमतच म्हणायची.

[काळा पडदा. मग मंचावरच्या दिव्यांचा लखलखाट.]

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित अल्बम कुठले? नवख्या पोरांचे नव्हेत. त्यांना निदान मित्र असतात, पहिल्या दिवशी स्टेटस ठेवणारे. सगळ्यात उपेक्षित असतो तो जुन्या, नावाजलेल्या बँडचा नवा अल्बम. जुन्या चाहत्यांना जुनी गाणी हवी असतात, आणि नव्या पोरांना वाटतं हा बाबांचा बँड.

इंडियन ओशन घ्या. 1990 च्या सुमारास दिल्लीत सुरुवात. 1997 साली पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या उघड्यावरच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालं, त्याचाच ‘डेझर्ट रेन’ हा अल्बम झाला. 2000 मध्ये ‘कंदिसा’. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना, आणि तिच्या शेजारी नर्मदेच्या खोऱ्यातलं ‘मा रेवा’. बासवाले राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, ते गाणं तिथून आलं. महाराष्ट्रात, आंदोलनाच्या सभांना गेलेल्या एका पिढीला, हा बँड परका वाटलाच नाही.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

डिसेंबर 2009 मध्ये तबला वाजवणारे आणि गाणारे असीम चक्रवर्ती गेले. बँडनं त्यांच्या आवाजातली आधी मुद्रित करून ठेवलेली गाणी 2010 पासून लोकांना फुकट दिली, इंटरनेटवर, महिन्याला एक. अल्बमचं नाव ‘16/330 खजूर रोड’. हा पत्ता आहे, करोल बागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा, जिथे ते तालीम करायचे. फुकट होता, कुणीही उतरवून घेऊ शकत होतं. तरी आजही कार्यक्रमात याच्यातलं गाणं सुरू झालं की निम्मी गर्दी फोन काढते. पुढे 2013 मध्ये गिटारवादक सुष्मित सेन बाहेर पडले. 2014 मध्ये ‘तांदानू’ आला, त्यात शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट असे पाहुणे. 2023 मध्ये ‘तू है’. म्हणजे ‘कंदिसा’नंतर चांगली तेवीस वर्षं हा बँड नवं काही ना काही करत आला, आणि आपण मागच्या रांगेतून ओरडतोय, ‘कंदिसाऽऽ’!

इंडस क्रीड या बँडचं तर याहून कठीण. 1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन म्हणून सुरुवात. बाकीचे बँड परदेशी गाणी वाजवत असताना यांनी 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 1993 मध्ये नाव बदललं, 1995 मध्ये नव्या नावाचा अल्बम. 1997 मध्ये मंडळी पांगली. 2010 मध्ये पुन्हा जमली आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व’ काढला. दोन अल्बममध्ये सतरा वर्षांचं अंतर! आमच्या मते तो त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे. गायक उदय बेनेगल यांचा आवाज त्यात थोडा खाली उतरलाय, आणि त्यामुळे शब्द अंगावर येतात. काकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, पंचविशीतला आवाज तो आवाज. वाद चालू आहे.

दिल्लीच्या परिक्रमा या बँडची गंमत वेगळीच. 1991 पासून वाजवतायत, आणि रीतसर अल्बमच्या फंदात कधी पडलेच नाहीत. गाणी इंटरनेटवर फुकट सोडून दिली. त्यांना ऐकायचं म्हणजे जाऊनच ऐकायचं.

[मुकुंदनगर. सवाई गंधर्व महोत्सवाचा मांडव, बाहेरून.]

जाऊन ऐकणं या शहराला शिकवायला नको. 1953 पासून सवाई भरतोय. इथे ऐंशीच्या घरातले गायक बसतात तेव्हा तिशीतला दमसास कुणी मागत नाही. स्वर कुठे लावला, कुठे सोडून दिला, याच्यावर घरी जाताना रिक्षात चर्चा होते. फर्माइशी इथेही होतात, नाही असं नाही, पण त्या भैरवीच्या वेळेला. आधी बुवांना आज जे गायचंय ते गाऊ देतात. आणि हेच पुणेकर गिटारसमोर उभे राहिले की पहिल्या दहा मिनिटांत पंचवीस वर्षांपूर्वीचं गाणं मागतात! हे कोडं आम्हाला काही सुटलेलं नाही.

दोन्हीकडे घड्याळ मात्र एकच. उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद. सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली त्या नियमानं गेल्या. जास्तीची सवलत मिळाली तर बारापर्यंत, तीही वर्षातले मोजके दिवस. पुण्यात 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हे नव्या संगीताचं संमेलन सुरू झालं तेही दुपारपासूनच वाजायचं. भर उन्हात नवे बँड, समोर तीसचाळीस माणसं आणि पाण्याच्या बाटल्या. अंधार पडला की मोठी नावं. नवं सापडतं ते उन्हात. टोपी घालून जावं.

[मुंढव्याकडचं एक ठिकाण. दुपार. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या.]

संध्याकाळी इथे एक जुना बँड वाजवणार आहे. नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही. आता साउंड चेक चाललाय. ड्रमर एकाच ड्रमवर एकसारखे ठोके देतोय, आणि समोर मिक्सरपाशी बसलेला मुलगा मान हलवतोय, नाही, अजून गुणगुणतंय. ड्रमच्या कातड्यावर टेपचा तुकडा लावतात, परत ठोका. असं अर्धा तास. गिटारवाले वाकून पायाशी मांडलेल्या पेडलचे आकडे बघतात, दिसत नाहीत, मग खिशातून चाळिशीचा चष्मा काढतात.

[जवळून: फरशीवर काळ्या टेपनं चिकटवलेला कागद. मार्करनं लिहिलेली गाण्यांची यादी.]

यादीत बारा गाणी. लोक ज्यासाठी येणार ते शेवटून दुसरं. मधली चार एका अशा अल्बममधली, ज्याच्या पाचशे सीडी गायकाच्या माळ्यावर अजून पडून आहेत.

साडेआठला कार्यक्रम सुरू झाला. ती चार गाणी आली तेव्हा काय झालं ते कॅमेऱ्यात आहे, तुम्हीच बघा. पहिल्याला लोक बारकडे गेले. दुसऱ्याला मधल्या बासच्या तुकड्यावर पुढची तीनचार पोरं डोलायला लागली. तिसऱ्याला गायकानं वरचा स्वर घेतलाच नाही, खालच्या सप्तकात उतरून ओळ संपवली. मूळ मुद्रणात ती ओळ किंचाळत जाते. इथे ती बोलल्यासारखी आली, आणि बारकडची मंडळी वळून बघायला लागली. चौथ्याला कोथरूडचे काका, जे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी आमच्या कानात एवढंच म्हटलं, ‘हे कागदावर नव्हतं.’

[बाहेर. टेम्पोत सामान चढतंय. ड्रमर स्वतः पेट्या उचलतायत.]

अंगात कॉलेजचा टी-शर्ट, हातात नुकतीच घेतलेली सीडी, घरी ती वाजवायला काही नाही. असा एक मुलगा जरा घुटमळत पुढे येतो.

‘सर, मधली ती चार गाणी एकदम भारी होती. नवीन आहेत ना? अल्बम कधी येतोय?’

ड्रमर पेटी टेम्पोत ढकलतात, हात झटकतात.

‘तोच आहे तुझ्या हातात. बारा वर्षं झाली येऊन. ती दुसरी बाजू धर, पेटी जड आहे.’