पाच वेळा विधानसभा, दोनदा लोकसभा: दि. बा. पाटलांच्या निवडणुका

नमस्कार मंडळी. आज बोलायला सुरुवात करण्याआधी हा कागद बघा. जरा जवळ धरतो. माझ्या आजोळच्या शेताचा जुना सातबारा आहे हा, गाव गव्हाण, तालुका पनवेल. इथे खाली 'इतर हक्क' लिहिलंय ना, त्या रकान्यात माझ्या पणजोबांचं नाव आहे, कुळ म्हणून. नांगरायचे ते, लावणी करायचे ते, बांधबंदिस्ती करायचे ते. मालकाच्या जागी मात्र नाव दुसऱ्याचं.

हा दुसरा कागद. इथे पणजोबांचं नाव वर आलंय, मालकाच्या जागी. आणि हा तिसरा. त्याच जागी आता सिडको, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी.

हे तीन कागद तयार होत होते, त्या सगळ्या काळात एक माणूस पनवेलमधून निवडणुका लढत होता. दिनकर बाळू पाटील. आपल्याकडे सगळे दिबाच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये मानवी साखळी झाली, सिडको भवनावर मोर्चा गेला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव केला, तेव्हापासून दिबांचं नाव नवी मुंबईत शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण ते किती वेळा निवडून आले, कुठून आले आणि कुठल्या वाऱ्याच्या विरुद्ध आले, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि मला वाटतं, दिबा समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या निवडणुका बघायला हव्यात.

तर सुरुवात १९५७ पासून.

दिबांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासई गावचा. शिकून वकील झाले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, लाल बावटा. आता शेकाप कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडमध्ये, एवढा मुरला कसा, हे कळायला अलिबागजवळच्या चरीला जावं लागतं. १९३३ मध्ये तिथल्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवलं आणि तो संप सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. कुळ आणि खोत हा विषय इथल्या आगरी घरांमध्ये पुस्तकात वाचून कळलेला नव्हता, तो चुलीपाशी बोलला जायचा. शेकाप त्याच चुलीपाशी मोठा झाला.

१९५७ ची निवडणूक म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची निवडणूक. कुलाब्याचे आधीचे खासदार चिंतामणराव देशमुख, देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेकापने कुलाब्याची लोकसभेची जागा घेतली आणि पनवेलमधून एकतीस वर्षांचे दिबा विधानसभेत गेले.

आता याच वर्षाची आणखी एक तारीख: १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळकायद्याप्रमाणे या दिवशी जमीन कसणारं कूळ त्या जमिनीचं मालक मानलं गेलं. कायद्याच्या कलम बत्तीस ग खाली किंमत ठरली, ती हप्त्याहप्त्याने भरायची, मग बत्तीस म चं प्रमाणपत्र हातात पडायचं. आमच्या घरी ते प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवलेलं असायचं. मघाचा दुसरा कागद तो हा.

म्हणजे दिबा पहिल्यांदा आमदार झाले त्याच वर्षी त्यांचे मतदार जमिनीचे मालक झाले. आणि तेराच वर्षांनी, १९७० मध्ये, नव्या शहरासाठी जमीन घेण्याच्या नोटिसा निघाल्या. ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली पंच्याण्णव गावं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. तेरा वर्षं! पिढ्यान् पिढ्या कुळ, आणि मालकी तेरा वर्षांची. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा बराच वेळ नुसता त्या कागदांकडे बघत बसलो होतो.

मधल्या निवडणुका भराभर सांगतो. १९६२ ला दिबा पुन्हा पनवेलमधून आले. संयुक्त महाराष्ट्र मिळालेला होता, समितीची लाट ओसरली होती, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या होत्या, तरी पनवेल शेकापकडेच राहिलं. १९६७ लाही दिबाच.

१९७२ वर मात्र थांबायला हवं.

त्या वर्षी काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. शेकापला सात. एवढ्या मोठ्या सभागृहात सात माणसं. त्या सातांतले एक दिबा, आणि तेच विधानसभेचे विरोधी पक्षनेते झाले. त्याआधीची दहा वर्षं हे पद शेकापच्याच कृष्णराव धुळपांकडे होतं. आता विचार करा, बाहेर दुष्काळ, पनवेल-उरणमध्ये सिडकोचे पंचनामे चाललेले, ज्यांच्या बांधावर मोजणीच्या साखळ्या पडत होत्या तेच लोक दिबांचे मतदार, आणि त्यांचा आमदार सभागृहात सरकारच्या समोर पहिल्या बाकावर बसलेला. मागे आकडा नाही. आकडा नसताना बोलायचं तर अभ्यास लागतो, आणि दिबांच्या भाषणांबद्दल जुने लोक सांगतात ते हेच सांगतात की ते कागद घेऊन उभे राहायचे.

१९७७ ला आणीबाणीनंतरची लोकसभा. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ आणि शेकापला तब्बल ५. त्यातली एक कुलाब्याची, दिबांची. विधानसभा सोडून ते दिल्लीला गेले.

इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं आणि शेकाप आयुष्यात पहिल्यांदा महाराष्ट्राच्या सत्तेत बसला. एन. डी. पाटील मंत्री झाले, गणपतराव देशमुख मंत्री झाले. दिबा त्या वेळी दिल्लीत खासदार. विधानसभेच्या पाचही कारकिर्दींत त्यांच्या वाट्याला विरोधी बाक आला, आणि पक्षाला सत्ता मिळाली तेव्हा ते त्या सभागृहातच नव्हते. मंत्रिपद त्यांना कधीच मिळालं नाही.

१९८० च्या जानेवारीत मध्यावधी निवडणूक झाली, कुलाबा काँग्रेसकडे गेला. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक लागली आणि दिबा पाचव्यांदा पनवेलचे आमदार झाले.

कुलाब्याचं लोकसभेचं गणितच तसं होतं. हे बघा, ओळीने वाचतो. १९५७ शेकाप. १९६२ काँग्रेस. १९६७ शेकाप. १९७१ काँग्रेस. १९७७ शेकाप. १९८० काँग्रेस. रहाटगाडग्यासारखं, एकदा हा वर, एकदा तो. म्हणजे १९८४ ला पाळी शेकापची. पण १९८४ चं वर्ष पाळीवर चालणारं नव्हतं.

जानेवारी १९८४. जमिनीला रास्त भाव द्या आणि विकसित जमिनीत वाटा द्या, अशी मागणी घेऊन शेतकरी रस्त्यावर उतरले होते. दिबा पुढे. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि १७ ला नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. चिर्ले, धुतूम, पागोटे इथली माणसं. आमची आजी सांगायची, त्या रात्री गव्हाणला कुणाच्या घरी तांदूळ शिजला नाही. दिवे लावले आणि सगळे ओटीवर बसून राहिले, कुणी येतंय का बघत, कुणाचा पोरगा परत आलाय, कुणाचा नाही.

मग ऑक्टोबरमध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक. देशभर काँग्रेसची अशी लाट होती की चारशेच्या वर जागा आल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. उरलेल्या पाच जागा मी पाठ केल्यात: बारामतीतून शरद पवार, औरंगाबादमधून साहेबराव डोणगावकर, राजापूरमधून मधू दंडवते, मुंबई दक्षिण मध्यमधून डॉ. दत्ता सामंत आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील. अख्ख्या देशात शेकापचा तो एकच खासदार.

या पाचांतली दोन नावं एकत्र ठेवून बघा. गिरण्यांच्या संपातून सामंत आले, जमिनीच्या लढ्यातून दिबा आले. खाडीच्या अलीकडे गिरणगाव, पलीकडे भातशेतं. दोन्ही ठिकाणी लोकांनी आपल्या घरातलं दुःख मतपेटीत टाकलं होतं.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा मशीन नव्हतं, कागदाची मतपत्रिका आणि रबरी शिक्का. शेकापची निशाणी खटारा. ती म्हणायची, "चाक दिसला का शिक्का मारायचा, आन् शाई वाळंपर्यंत फुकायची, घडी केली का दुसरीकडं उठतंय." मत बाद होऊ नये म्हणून एक अडाणी बाई मतपत्रिकेवर फुंकर मारत उभी आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते आमच्याच घरातलं. माझ्या वडिलांचं गाव करावे, आताच्या सीवूड्सला लागून. तेही पंच्याण्णव गावांतलंच, त्यांचीही जमीन सिडकोकडेच गेली. पण करावे ठाणे तालुक्यात, म्हणून मतदान ठाणे लोकसभेला. माझ्या वडिलांकडच्या कुणालाही दिबांना एकदाही मत देता आलं नाही. मोर्चाला ते जासईपर्यंत चालत जायचे आणि मतदानाला वेगळीच नावं समोर असायची. ठाण्यातून त्या वर्षी काँग्रेसचाच खासदार गेला. लढा एक होता, मतदारसंघाची रेघ मात्र घराघरांच्या मधून गेली होती.

१९८९ ला कुलाबा काँग्रेसच्या बॅरिस्टर अंतुल्यांकडे गेला, आणि १९९१ व १९९६ लाही त्यांच्याकडेच राहिला. रहाटगाडगं थांबलं. दिबा पुन्हा लोकसभेत दिसले नाहीत.

पण साडेबारा टक्के योजना आली ती १९९० मध्ये, आणि १९९४ मध्ये ती आणखी पक्की झाली. म्हणजे ज्या मागणीसाठी माणसं गेली, ती मान्य होताना दिबा ना विधानसभेत होते ना लोकसभेत. योजना नेमकी काय, तेही सांगतो, कारण आजही पुष्कळ जण फक्त नाव घेतात. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. तेवढी जमीन गेली असेल तर साडेबारा टक्क्यांनी पाच गुंठे विकसित भूखंड परत. त्यातून पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी कापले जातात, म्हणजे दीड गुंठा. प्रत्यक्ष हातात साडेतीन गुंठे. चाळीसचे साडेतीन. कमी वाटतात? वाटणारच. पण त्याआधी जमीन गेली की मोबदल्याचे पैसे आणि पुढे काही नाही, असाच नियम होता. गेलेल्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहरात मूळ मालकाचा हिस्सा असतो, ही गोष्ट सरकारने इथे कबूल केली. पुढे विमानतळाच्या वेळी तोच आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातही शहरीकरणासाठी जमीन घेतली तर वीस टक्के विकसित जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. दिबा त्याच वर्षी २४ जूनला गेले.

कुलाबा हा लोकसभेचा मतदारसंघ आता उरलेला नाही. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, तरी लोकसभेचं कुलाबा हे नाव पुष्कळ वर्षं चाललं. २००८ च्या फेररचनेत ते गेलं आणि पनवेल, उरण, कर्जत हे घाटाखालचे तीन भाग मावळ, चिंचवड, पिंपरी या घाटावरच्या तीन भागांना जोडले. त्यानंतर लोकसभेच्या चार निवडणुका झाल्या, २००९, २०१४, २०१९, २०२४. चारही वेळा खासदार पिंपरी-चिंचवडकडचाच झाला. ऐरोली, बेलापूर ठाण्याच्या लोकसभेत आहेत ते आहेतच. पंच्याण्णव गावांसाठी एकच माणूस दिल्लीला पाठवायचा म्हटलं तर तसा मतदारसंघ तेव्हाही पूर्ण नव्हता, आता तर अर्धा घाटाच्या वर गेलाय.

माझी आत्या उरणला दिली आहे. मागच्या निवडणुकीत मतदानाची चिठ्ठी हातात घेऊन ती मला फोनवर वाचून दाखवत होती. नाव बरोबर, वय बरोबर, खोली नंबर बरोबर. मग लोकसभा मतदारसंघाच्या ओळीवर आली, ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "मावळ लिवलाय रे. आपला गाव मावळात कवा गेला?"