खाऱ्या हवेतलं पितळ आणि कोरीव लाकूड

मंडळी, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर दहा-बारा खोल्यांचं उंची हॉटेल काढायचं म्हटलं की सजावटीची यादी ठरलेलीच असते: जोधपूरचा कोरीव दरवाजा, पितळी समया, झोपाळा, ठशांच्या छपाईचे पडदे. फोटोत सगळं झकास दिसतं. खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते.

समुद्रावरून येणारं मीठ प्रत्येक वस्तूवर बसतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हेच मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं, आणि पावसाळ्यात कोकणची हवा बहुतेक वेळ त्याहून दमटच असते. म्हणून पितळ नुसतं कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याचं ओलं फडकं, लगेच मागोमाग कोरडं. चिंचेने घासायला हरकत नाही, पण चिंचेचं आम्ल नक्षीच्या खाचेत राहिलं की तिथेच हिरवट डाग उमटतो. तेव्हा स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा, मग मेणाचा पातळ हात द्या. कड्या-मुठींना लॅकर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक लेप, नकोच. हात लागून ते एका जागी उडालं की कडेने आत ओल शिरते, आणि मग सगळंच खरवडून काढावं लागतं.

लाकडाचं दुखणं वेगळं. मारवाडच्या कोरड्या हवेत वाळलेली फळी इथे येऊन ओलावा पिते आणि रुंदीत फुगते. चौकटीच्या खाचेत ती चिकटवून टाकली असेल, तर फुगताना चौकटीचे सांधे उघडते आणि उन्हाळ्यात आकसताना स्वतः तडकते. खाचेत दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, आत सरस नको. सुतार बहुधा दर्शनी बाजूलाच पॉलिश मारतो. मागची बाजू आणि खालची कड कोरी राहिली की फळी वाकलीच म्हणून समजा. लोखंडी स्क्रू सागवानात काळे डाग पाडतात आणि गंजून फुगले की लाकूड फोडतात. पितळी वापरा, नाहीतर ३१६ दर्जाचे स्टेनलेस; ३०४ वर किनाऱ्यालगत तांबूस डाग येतात.

भिंतींसाठी मात्र राजस्थानकडे बघायचं कारणच काय? जांभ्या दगडावर सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की आतली ओल कोंडते, मीठ फुटतं आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर आपल्याच सिंधुदुर्ग-गोव्यातली कावी ही भिंतीवरची नक्षी करून घ्या: शिंपल्यांच्या चुन्याच्या पांढऱ्या थरावर हुरमुंजाचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, लाल थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच खरवडून नक्षी उठवायची. वाळल्यावर कड तुटते, म्हणून त्या दिवशी पुरी होईल तेवढीच भिंत धरायची.

रिकाम्या खोल्यांत आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ च्या वर गेला की एसी ‘ड्राय’वर चालवा. पावसात ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडल्या, तर गाद्यांना बुरशी धरलीच.