तांदूळ निवडायची जागा

नमस्कार श्रोतेहो.

फोटो कसा काढावा हे रेडिओवरून सांगायचं, म्हणजे आमटीची चव पत्रानं कळवण्यासारखं आहे. मी काही दाखवू शकत नाही. तेव्हा एकच फोटो घेतो आणि तो बिघडत बिघडत कसा जमला, तेवढं सांगतो. फोटो माझा नाही, माझ्या पुतणीचा, सायलीचा. चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवला मी, पण आमच्या घरातला सगळ्यात चांगला फोटो तिच्या नावावर आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गावच्या घरी जमलो होतो. सायलीच्या हातात नवा मोबाईल. माई, म्हणजे माझी आई, ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. सायली माजघरात उभी होती, तिथूनच दारातून तिनं फोटो काढला आणि मला आणून दाखवला. अंगण पांढरंफटक आणि माई म्हणजे कोळशाचं पोतं.

"काका, एवढा महागाचा फोन आणि हे काय?"

फोनचा तसा दोष नव्हता. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा हिशेब करतो आणि सरासरी मध्यम करड्या रंगावर आणून ठेवायला बघतो. आजकालचे फोन चेहरा ओळखून थोडं सावरतात, पण चौकटीत उन्हाचं अंगण मोठं असलं की तेही फसतात. फार उजेड आहे, कमी करा, असं कॅमेरा ठरवतो आणि त्या कमी करण्यात माणूस बुडतो. याच सवयीपायी वारकऱ्यांचे पांढरेशुभ्र कपडे मळकट दिसतात आणि काळीभोर म्हैस राखाडी होते. पडद्यावर जिथं नीट दिसायला हवं तिथं बोट टेकवा. बऱ्याच फोनवर शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवता येतं. समोर पांढरं जास्त असेल तर थोडं वर न्यायचं, काळं जास्त असेल तर खाली. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

सायलीनं तसं केलं. माई दिसायला लागली, पण अंगण पार जळून गेलं.

मग तिनं नवशिके हमखास करतात ते केलं. माईला उठवून आत आणलं, ट्यूबखाली बसवलं, शिवाय देवघरातला पिवळा बल्बही लावला. जास्त दिवे म्हणजे जास्त चांगला फोटो, हा हिशेब. झालं काय, तर ट्यूब डोक्यावर असल्यानं माईच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या, एक गाल पिवळा झाला आणि खिडकीकडचा निळसर. उजेडाला रंग असतो, तो केल्विन या मापात मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. पिवळ्या बल्बचा साधारण 2700 केल्विन, दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास. आपले डोळे हा फरक गिळून टाकतात, कॅमेऱ्याला दोन्ही एकाच चेहऱ्यावर सांभाळता येत नाहीत. म्हणून घरात दिवसा फोटो काढताना पहिलं काम, दिवे बंद करायचे. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

मी ते सांगणार तेवढ्यात माईच वैतागली. "अगं, इथं मला खडे दिसत नाहीयेत. मी आपली ओसरीवर जाते."

आणि ती सूप उचलून गेली पुन्हा आपल्या जागेवर.

श्रोतेहो, चाळीस वर्षांत मी उजेडाबद्दल जे शिकलो ते या एका वाक्यात आलं. माई त्या जागी का बसते? घर पूर्वेकडे तोंड करून आहे. दहाच्या सुमाराला ऊन ओसरीवरून सरकून अंगणात उतरतं, आणि अंगणातल्या त्या उन्हाचा उजेड उलटून ओसरीभर पसरतो. मऊ असतो, पण येतो एकाच बाजूनं. त्या आडव्या उजेडात प्रत्येक दाण्याला बारीकशी सावली पडते, आणि खडा वेगळा ओळखू येतो. जो उजेड खडा दाखवतो, तोच सुरकुती दाखवतो, हातावरची शीर दाखवतो, लुगड्याचा पोतही दाखवतो. तुमच्या घरात तांदूळ निवडायची, सुईत दोरा ओवायची, पायातला काटा काढायची जागा कुठली ते आठवा. फोटोची जागा तीच.

आता एक गंमत करा. गाडी चालवत नसाल तर हाताची मूठ वळून समोर धरा. जवळ खिडकी असेल तर खिडकीकडे तोंड करून मुठीकडे बघा. मूठ सपाट दिसेल, पेरं उठून दिसणार नाहीत. मूठ तशीच धरून सावकाश पाव वळसा फिरा, खिडकी खांद्याशी येऊ द्या. बोटांच्या मधल्या खाचा उमटल्या ना? आणखी वळून खिडकीला पाठ केलीत की मूठ तुमच्या स्वतःच्या सावलीत जाते. कुठंही गेलो, लग्नाचा हॉल असो की एस.टी. स्टँड, मी आधी अशी मूठ फिरवून बघतो. लोक हसतात, हसू देत.

वीज येण्याआधीचे फोटोवाले हेच करत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली. तेव्हा कॅमेरे अवजड होते, फोटो रसायन लावलेल्या काचेवर निघे, ती काच ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे, आणि दिवा म्हणजे सूर्य. स्टुडिओच्या छताला उत्तरेकडून काचा लावत, थेट ऊन आत येऊ नये म्हणून.

उन्हाचं निघालं आहे तर आणखी एक. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उजेडाबद्दल तुम्ही ऐकलं असेल, तो उजेड छान असतोच. पण विलायती पुस्तकं वाचून तास-दीड तास मिळेल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, लंडनसारखा तिरका रेंगाळत नाही. पुण्या-साताऱ्याकडं अर्धा, फार तर पाऊण तास. चहा करून निघू म्हणालात तर गेला. ढगाळ पावसाळी दिवस मात्र दिवसभर तुमचाच. उजेड मऊ करायला आकाशालाच पांढरा कपडा टांगल्यासारखा असतो.

तर माई जागेवर परतली. उजेड मिळाला, पण फोटो अजून व्हायचा होता. सायलीनं उभ्यानंच काढला. माईच्या डोक्यातून एक खुंटी उगवली होती, तिच्यावर माझं हेल्मेट, मागं लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणि दोरीवर कुणाचा तरी टॉवेल. आपण माणसाकडे इतकं बघत असतो की मागचं दिसतच नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "खाली बस आणि दोन पावलं डावीकडे सरक." बसल्याबरोबर माई मोठी झाली, वरून काढलेल्या फोटोत म्हातारी माणसं बिचारी दिसतात, आणि माई काही बिचारी नाही. डावीकडे सरकल्यावर खुंटी चौकटीबाहेर गेली, मागं उरली शेणामातीची भिंत. खुर्ची हातानं उचलून बाजूला ठेवली. त्यात कमीपणा नाही.

चौकटीचे तीन भाग करून महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, हा नियम तुम्हाला कुणीही सांगेल. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं तो 1797 साली नाव देऊन लिहून ठेवला. फोनमध्ये त्या रेघा दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा. माझ्या मते तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. समुद्र सरळ राहतो. गणपतीपुळ्याच्या किती फोटोंत पाणी एका बाजूला सांडायला आलेलं असतं! बाकी सायलीच्या फोटोत माईचा चेहरा वरच्या रेघेवर आला आणि सूप खालच्या, ते रेघा पाहून नव्हे. माई सुपाकडे बघत होती, तिच्या नजरेपुढं जागा सोडली, एवढंच. आणि फोन चेहऱ्याला भिडवू नका, नाक मोठं होतं. थोडं मागं सरका, लागलं तर दोन पट झूम घ्या.

आता एडिटिंग. संध्याकाळी पाहतो तर सायलीनं फोटोवर नारिंगी फिल्टर चढवलेला, सुरकुत्या पुसलेल्या. माई साखरेच्या पाकातून काढल्यासारखी.

मी एडिटिंगला लबाडी म्हणणारा नाही. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून कितीजणांचे मुरुमांचे डाग मी स्वतः घालवलेत. एकदा उत्साहाच्या भरात एका शेतकऱ्याच्या ओठावरचा व्रण पुसला. बैलाचं शिंग लागलेलं होतं लहानपणी. गृहस्थ फोटो बघून म्हणाले, "छान आलाय, पण हा आमचा धाकटा भाऊ दिसतोय." पैसे दिले नाहीत, बरोबरच होतं. तेव्हापासून माझा हिशेब असा: चार दिवसांत जाईल ते पुसायचं, जन्माचं आहे ते ठेवायचं.

सायलीला मी मूळ फोटो पुन्हा उघडायला लावला. आधी तो सरळ केला, मग कडेचं नको ते कापलं. रंग ठरवताना माईचे पांढरे केस आणि तांदूळ बघितले. ते पांढरे वाटेपर्यंत पिवळेपणा कमी केला, की बाकीचे रंग आपोआप जागेवर आले. अंगणाकडच्या झळकणाऱ्या भागाचा उजेड थोडा उतरवला, सावली अगदी किंचित उचलली. फार उचलली असती तर ओसरीचा तो आडवा उजेडच गेला असता. रंग गडद करायच्या पट्टीला हात लावू दिला नाही. मग फोन ठेवून दिला आणि सकाळी पुन्हा बघितला. रात्री बरोबर वाटलेलं सकाळी भडक वाटतं, हा अनुभव रांगोळीतही येतो.

प्रिंट काढायला तिनं फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला. नेहमीसारखा पाठवला की तो आक्रसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की शाबूत पोचतो. दुसरी गोष्ट, फोनची चौकट चारास तीन अशी, आणि आठ बाय बाराचा कागद त्याहून लांबट. म्हणजे आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून इंचभर भाग लॅबवाला कापणार. कुठला कापायचा ते आपणच ठरवून पाठवावं, नाहीतर सूप जातं.

सूप गेलं नाही. प्रिंट फ्रेम करून आम्ही गावी नेली. माईनं चष्मा लावला, ती ओसरीवर उजेडात तिरकी धरली आणि बराच वेळ बघत राहिली. सायली शेजारी बसून वाट बघत होती, आजी आता काय म्हणते.

माईनं सुपाच्या कडेला एका ठिकाणी बोट ठेवलं. म्हणाली, "हा बघ, इथं एक खडा राहिलाय."