माप घेतल्याशिवाय दुकानात जायचं नाही : जुन्या डिस्क हॅरोविषयी

मागं बसलेल्यांनी जरा पुढं या, कारण मी जी वस्तू आणलीय ती लांबनं दिसायची नाही. ही आमच्या हॅरोची, म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढून ढेकळं फोडायच्या अवजाराची, डिस्क. कड बघू नका, कड झिजणारच, मधलं भोक बघा. हे चौकोनी असायला पाहिजे. आता बोटानं कोपरे चाचपा, चारही गोल झालेत. आणि भोकाच्या भोवती ही तांबूस भुकटी बघा, मैद्यासारखी बारीक. साधा गंज असा नसतो, तो पापुद्रे धरतो. लोखंड लोखंडावर सारखं घासत राहिलं की अशी भुकटी पडते, म्हणजे ही डिस्क शाफ्टवर हलत होती, किती दिवस हलत होती काय माहीत, आणि आम्ही वरनं बेअरिंगं बदलत बसलो होतो.

झालं असं, की ज्वारी काढून रान नांगरलं, आणि आपली मोहोळकडची काळी जमीन तुम्हाला माहितीय, डोक्याएवढी ढेकळं निघतात. हॅरो वडिलांनी घेतलेला, १४ डिस्कचा, पुढं ७ मागं ७, अशा एका रांगेला गँग म्हणतात. पहिल्याच दिवशी खडखड वाजायला लागला. सगळे म्हणाले बेअरिंग गेलं. आणलं, बसवलं, पंधरा दिवसात परत तेच. दुसरं आणलं, तेही गेलं. तिसऱ्या वेळी मात्र मी अख्खी गँग खोलली आणि ही भुकटी सापडली.

कसंय, सगळ्या डिस्क, त्यांच्यामधे अंतर राखणारे स्पूल, बेअरिंग, हे सगळं एका चौकोनी शाफ्टवर ओवलेलं असतं आणि टोकाच्या एका मोठ्या नटानं आवळलेलं असतं. तो नट घट्ट आहे तोवर सगळी गँग एकजीव होऊन फिरते. नट सैल झाला की प्रत्येक डिस्क आपापला झटका खाते, भोक मोठं होतं, स्पूलची तोंडं झिजतात, त्यानं अजून सैल होतं, मग शाफ्ट वाकतो आणि वाकडा शाफ्ट बेअरिंग खातो. जुना हॅरो वयानं जातो असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. माझ्या बघण्यातले बहुतेक सैल नटानं गेलेत.

तपासायचं सोपं आहे. हॅरो उचला, पण नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबून खाली हात घालायचा नाही, जाड लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद करा, मगच हात लावा. एकेक डिस्क धरून हलवा. अख्खी गँग हलली तर बेअरिंग बघा. एकटीच डिस्क डुगडुगली तर नट.

नट निघत नसेल तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा, सकाळी पान्याला लांब पाइप घाला. छन्नी मारू नका, नटाचे कान जातात आणि मग पाना बसत नाही. खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कारण पुढच्या गँगची पोकळ बाजू एकीकडं आणि मागच्या गँगची उलट असते, शिवाय स्पूलचं एक टोक फुगीर, एक खोलगट असतं, डिस्कच्या आकारात बसावं म्हणून. ते उलटं बसवून आवळलं तर नवी डिस्कसुद्धा तडकू शकते.

आता पार्ट. आमच्या हॅरोवर कंपनीची पट्टीच राहिलेली नाही, तुमच्यापैकी निम्म्यांचं हेच असेल. दुकानदार विचारतो कुठल्या कंपनीचा, आणि आपण गप्प. तर नाव नाही सांगता आलं तरी चालेल, माप सांगा. डिस्कचा व्यास सगळ्यात कमी झिजलेल्या डिस्कवर मोजा, २२ इंची म्हणजे साधारण ५६० मिलिमीटर, २४ म्हणजे ६१०. जाडी घ्या. पोकळ बाजूवर सरळ पट्टी आडवी ठेवून तळापर्यंतची खोली घ्या, ही खोली जुळली नाही तर स्पूल नीट बसत नाही. भोक मात्र मोजू नका, ते झिजलेलंय. शाफ्ट मोजा, तोही स्पूलच्या आत झाकलेला असतो तिथं, व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीनं. मी पुठ्ठ्यावर चौकोन आखून कापून घेतो आणि तो पुठ्ठा खिशात घालून फिरतो, दुकानात कुठल्याही डिस्कच्या भोकात घालून बघता येतो.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, घासून पुसून वाचा. ६२०८ असेल तर शेवटचे दोन आकडे ०८, त्याला ५ नं गुणा, ४० मिलिमीटरचं भोक. ६२०७ म्हणजे ३५. चौकोनी भोकाच्या बेअरिंगला हा हिशोब लावू नका, ते जुनं बरोबर घेऊनच जा. आणि ते खरेदी करताना सील बघा, कारण हॅरोचं बेअरिंग वजनानं कमी आणि मातीनं जास्त मरतं.

शाफ्ट आणि स्पूलसाठी मी लांब जात नाही. सोलापूर पॉवरलूमचं गाव, मागाचे पार्ट घासून घासून इथले टर्नर तयार झालेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मिस्त्रीनं स्पूलची तोंडं लेथवर सरळ करून दिली, शाफ्टला आटे पाडून दिले. मी साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा, बार घेऊन गेलो होतो, त्यांनीच परत पाठवला, म्हणाले, ‘हा वाकंल, ईएन ८ आणा’. ईएन ८ म्हणजे त्याहून मजबूत पोलाद. पैसे थोडे जास्त गेले, पण माणसानं काम नाकारून खरं सांगितलं याची किंमत मला मोठी वाटते.

एका गँगमध्ये एक नवी आणि सहा झिजलेल्या असं करू नका, सगळ्या एकाच शाफ्टवर फिरतात, मोठीवरच सगळा भार येतो. दोन्ही गँगमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या सात निवडून एक गँग करा आणि दुसरीला पूर्ण नव्या घ्या. मग दोन्ही गँगा सारख्या खोल जातायत का ते बघून फ्रेम लेव्हल करायला विसरू नका.

बसवल्यावर तासभर रानात चालवा आणि परत नट आवळा. रंग, गंज, माती जे मधे अडकलेलं असतं ते दबतं आणि तेवढी ढिलाई येतेच. हे आम्ही कधीच केलं नव्हतं.

अजून एक. हॅरो खोल जावा म्हणून वर दगड बांधा, मातीची पोती बांधा, पण माणूस बसवू नका, पोरगं तर अजिबात नाही. एका झटक्यात माणूस पुढं पडतो आणि खाली काय आहे ते तुम्ही आत्ताच हातात धरून बघितलंय.

आता ज्यांनी जुनं बेअरिंग पिशवीत आणलंय ते पुढं या, व्हर्नियर माझ्याकडं आहे.